तारखांच्या मागची गल्ली

कियोकोबाई गेल्या हे मला लिमयेवहिनींच्या ओट्याशी कळलं. वहिनी फोन ठेवून स्वयंपाकघराच्या दारात आल्या आणि म्हणाल्या, "सुमन, तुझी जपानीण गेली गं सकाळी." माझी पोळी तव्यावर होती. ती मी उलटली. फुगली, उतरवली. मग उरलेल्या सात लाटल्या, भाजल्या, तूप लावून डबा बंद केला, ओटा पुसला आणि मगच जिना उतरले. त्या सात पोळ्यांचा मला अजून राग येतो. मला कुणी थांबवलं नव्हतं. वहिनी वाईट नाहीत, मी म्हटलं असतं तर लगेच "जा" म्हणाल्या असत्या. पण 'माझं माणूस गेलं' असं मोठ्याने म्हणायचं माझं धाडस झालं नाही. वाटलं, विचारतील, तुझं माणूस? ती?

पुढच्या रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये शोकसभा झाली. गाड्या बाहेर काढल्या, सतरंजी घातली, एका खुर्चीवर फोटो ठेवून हार घातला. लिमयेसाहेब सोसायटीचे चेअरमन. बँकेतून निवृत्त झालेले, बोलणं अगदी स्वच्छ. ते म्हणाले, "आपल्या या परदेशी पाहुण्या आपल्या संस्कृतीच्या प्रेमात पडल्या होत्या." पाहुण्या! एकोणीस वर्षं राहिलेल्या, पाण्याच्या वेळेवरून भांडलेल्या, गच्चीत वाळत घातलेल्या चादरीवरून बोलणी खाल्लेल्या बाईला पाहुणी म्हणतात होय? पाहुण्याला कुणी चादरीवरून बोलत नाही. पुढे ते म्हणाले की कियोकोबाईंनी गल्लीची चित्रं काढून बिस्किटांच्या डब्यांत ठेवली आहेत, ती सोसायटी ताब्यात घेईल, चांगली चांगली निवडून रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत छापील, "आणि बाकीचं काय ते बघू." बाकीचं काय ते म्हणजे रद्दी, हे मला समजलं. मी मागे मीटरच्या पेट्यांपाशी उभी होते. कियोकोबाईंची जुनी विद्यार्थिनी प्राजक्ता माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "मावशी, सीरियसली, तुम्ही दोन शब्द बोला ना. तुमच्याइतकं कुणाला माहितीये?" मी नाही म्हणून मान हलवली. माझं तोंड चारचौघांत उघडत नाही. पण त्या दिवशी जे गिळलं ते उतरलं नाही, म्हणून लिहिते आहे. माझं शिक्षण चौथी. पाचवीची शाळा नदीपलीकडे होती आणि मुलींना नदी ओलांडू देत नसत. तेव्हा काही चुकलंमाकलं तर चुकू दे.

मी मूळची वाशीमकडची. लग्नानंतर पुण्यात आले ते बांधकामावर. तेव्हा शहराच्या चारी बाजूंना इमारती उठत होत्या, कंपन्या येत होत्या, आणि आमच्यासारखी माणसं वाघोलीपासून कोथरूडपर्यंत विटा वाहत होती. माझे मालक पोटाच्या दुखण्याने गेले, तेव्हा मुलगी सात वर्षांची. मी विटा सोडल्या आणि पोळ्या धरल्या. पहिल्याच घरी मी म्हटलं, "ताई, मले पाणी पायजे." त्या घरातली शाळकरी मुलगी दिवसभर "मले मले" करत नाचत राहिली. सगळे हसले. वाईट मनाने नाही, पण हसले. त्या दिवसापासून मी बोलणं कमी केलं. हो, नाही, झालं, येते... एवढ्या चार शब्दांत मी चार घरं चालवली.

पाचवं घर कियोकोबाईंचं. आमच्या गल्लीतली ही इमारत रस्त्याला अगदी खेटून आहे, पुढच्या बाजूच्या खिडक्या आणि गॅलऱ्या थेट कुंपणाच्या भिंतीवर येतात. तिसऱ्या मजल्यावर त्यांनी दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. कंपन्या मुलांना जपानला पाठवायला लागल्या होत्या आणि त्या मुलांना बाई भाषा शिकवायच्या. संध्याकाळी त्यांच्या दाराबाहेर वीस-वीस जोड बूट रांगेत, टाचा भिंतीकडे करून ठेवलेले असत. आत एवढी मुलं आहेत हे बुटांवरूनच कळायचं, आवाज नाहीच. पहिल्या दिवशी मी गेले तेव्हा त्या दारातच वाकल्या आणि म्हणाल्या, "आपण यावे. आपण बसावे." मी मागे वळून पाहिलं, माझ्या मागून कोण येतंय म्हणून. मागे कुणी नव्हतं. मला तोवर कुणी 'आपण' म्हटलं नव्हतं, अजूनही दुसरं कुणी म्हणत नाही. त्या मराठी पुस्तकातून शिकून आल्या होत्या. रिक्षावाल्यालासुद्धा "कृपया आपण डावीकडे वळावे" म्हणायच्या. तो बिचारा घाबरून मीटरप्रमाणेच पैसे घ्यायचा.

कामाच्या आधी अर्धा तास त्यांना मी पेपर वाचून दाखवायचा, असं ठरलं. मी म्हटलं, मला येत नाही. त्या म्हणाल्या, "मलाही येत नाही. दोघी मिळून वाचू." मी जोडाक्षराला अडायची, त्या अर्थाला अडायच्या. 'उद्ध्वस्त' हा शब्द आम्ही दोन दिवस वाचत होतो. रविवारची पुरवणी आठवडाभर पुरायची. त्यातले गेलेल्या माणसांवरचे लेख त्यांना फार आवडत. विचारायच्या, "सुमनताई, माणूस असताना असे का लिहीत नाहीत?" मी पुढची ओळ वाचायला घेतली. माझं वाचणं असं परत आलं, आणि त्यांचं मराठी बिघडलं. म्हणजे लोक म्हणायचे बिघडलं. माझ्या तोंडचे शब्द त्या उचलायला लागल्या. दूध उतू गेलं की "अव्व माय!" म्हणायच्या. त्यांच्याशी बोलताना मी माझ्या गावचं बोलायचे, कारण त्यांना हसायचं कशाला हेच माहीत नव्हतं.

आता डब्यांबद्दल. कोपऱ्यावरचा औषधवाला दर नव्या वर्षाला त्यांना रोज एक पान फाडायचं कॅलेंडर द्यायचा. पुढे मोठा आकडा, मागे कोरं. ते पान फेकायचं त्यांच्या जिवावर आलं. मग सकाळी सात वाजता खिडकीशी चहा घेऊन बसायचं, कालचं पान फाडायचं आणि त्याच्या पाठीवर पेन्सिलीने गल्लीतली एक गोष्ट काढायची. एकच. पान तळहाताएवढं, दोन गोष्टी मावतच नसत. चहा संपला की चित्रही संपवायचं. वर्षाचा एक डबा. विद्यार्थी जपानहून येताना बिस्किटं आणायचे, त्यांचेच ते पत्र्याचे डबे.

त्यात काय असायचं? गणपतीची मिरवणूक गल्लीतून गेली तर सगळे गणपती बघणार. बाईंनी काढला तो बांबू घेऊन पुढे चालणारा माणूस, मूर्तीला लागू नयेत म्हणून विजेच्या तारा वर उचलून धरणारा. त्याची मान वर, तोंड उघडं, आणि पायातली एक चप्पल मागे सुटलेली. टेलिफोनचा बूथ बंद झाला तेव्हा बूथवाल्याने पाटी उतरवली, तर बाईंनी पाटी नाही, शिडीच्या पायरीवर घट्ट रोवलेला त्याचा पाय चित्रात काढला. कंपनीची गाडी पहाटेपासून उभी, तिच्या ड्रायव्हरने आरशात बघून कापलेल्या मिशा. नव्याने राहायला आलेल्या पोरी कानात वायर घालून एकट्याच हसत जातात, त्यांच्याकडे बघणारं कुत्रं. गेटवर मांजरी गावाहून भाजी घेऊन येणारी पारूबाई बसायची. तिला कळलं की आपलं चित्र आहे, तशी ती पाटी खाली सोडून तीन मजले चढून आली. बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "माझं नाक येवढं हाय व्हय?" बाई म्हणाल्या, "हो. सुंदर आहे." पारूबाई म्हणाली, "मंग ऱ्हाऊ द्या."

लोकांना संशय यायचा, नाही असं नाही. ही बाई रोज बसून काय टिपते? आपली गरिबी तिकडे जाऊन दाखवणार, असं पेपरात परदेशी लोकांच्या तसल्या पुस्तकांबद्दल वाचलेली माणसं म्हणायची. एकदा लिमयेसाहेब वर आले. "आपण आमच्याबद्दल नोंदी ठेवता असं ऐकतो." बाईंनी डबा उघडला, शोधून एक पान त्यांच्या हातात दिलं. बनियनवर, हातात बॅटरी, गेटजवळ वाकून स्वतःच्या विजेच्या मीटरचे आकडे वाचणारे लिमयेसाहेब. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. "हा मी नव्हे," म्हणाले. बाई म्हणाल्या, "कृपया पुन्हा पाहावे." ते पुन्हा न पाहता खाली गेले.

मग एकदा सोसायटीची सभा झाली. इमारतीतले जुने लोक फ्लॅट विकून मुलांकडे चालले होते आणि नवे, कंपन्यांमधले, येत होते. सोसायटीला दर्जा आणायचा असं ठरलं. फेरीवाल्यांना आत बंदी, गेटशी बसायलाही बंदी. भाडेकरूंना मत नव्हतं, पण बसायला परवानगी होती. मी चहा द्यायला होते. लिमयेसाहेब एकेक नियम वाचत होते. "भाजीवाल्यांनी गेटच्या आत येऊ नये." मागच्या रांगेतून कियोकोबाईंचा आवाज आला, "कायले?"

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग हशा उसळला. लिमयेसाहेबही हसले. "बाई, हे कुठलं मराठी शिकलात?"

"सुमनताईंचे," त्या म्हणाल्या. न हसता.

पन्नास माथी माझ्याकडे वळली. जमीन फाटली असती तर मी आत गेले असते... साहेबांनी पुढचा नियम वाचला. "गेटजवळ पाटी टेकवून बसू नये." पुन्हा तेच, "कायले?" हसणं थोडं कमी. "सोसायटीच्या शोभेला बाधा येते." "कायले?" आता कुणीच हसलं नाही, कारण उत्तर सापडेना. 'कशासाठी' असं शुद्ध विचारलं असतं तर साहेबांनी शुद्ध उत्तर दिलं असतं, बँकेत जन्म गेला त्यांचा. पण 'कायले'ला त्यांच्याजवळ काही नव्हतं. नियम अर्थात मंजूर झाले. हात वर करणारे जास्त होते. पण त्या दिवशी माझी बोली भरसभेत कुणीतरी ताठ मानेने बोललं आणि सभा गप्प झाली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पुण्यात आल्यापासून माझी मान खाली होती. त्या रात्री घरी जाऊन मी एकटीच मोठ्याने म्हटलं, मले भूक लागली. आणि जेवले.

दुसऱ्या दिवशी पारूबाई कुंपणाबाहेर फूटपाथवर उभी राहिली. तिसऱ्या मजल्यावरून एक कापडी पिशवी दोरीला बांधून खाली आली. पिशवीत पैसे आणि चिठ्ठी, 'मेथी एक जुडी, कृपया'. नियमात दोरीबद्दल काही नव्हतं. आधी लोकांनी नावं ठेवली. आठवड्याने दुसऱ्या मजल्यावरून एक दोरी आली, मग पलीकडून एक, आणि महिन्याभरात पारूबाई खाली उभी राहून ओरडायची, "पाच पिशव्या आल्यात, लाइनीत घ्या, ओढू नका!" बाईंनी चित्रात त्या दोऱ्या काढल्या नाहीत. दोऱ्यांकडे बघून चालणारा आणि खांबाला आपटणारा पोस्टमन काढला.

एक गोष्ट लिहायला जड जाते, पण लिहिते. शिकवणं थांबवल्यावर त्यांच्या भाचीचा, हारुकाचा, सारखा फोन यायचा. आता परत या, इथे आम्ही आहोत. एका सकाळी त्यांनी मला सरळ विचारलं, "सुमनताई, मी जाऊ?" मला म्हणायचं होतं, नका जाऊ. मी म्हटलं, "जा की. तुमची माणसं आहेत तिथे." चांगुलपणा म्हणून म्हटलं. आपण कोण थांबवणारे, म्हणून म्हटलं. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी चहा अर्धा टाकला. शोकसभेत साहेबांनी त्यांना पाहुणी म्हटलं, त्याचा मला एवढा राग का आला, तर त्यांच्या आधी मीच ते म्हटलं होतं. फक्त शब्द वेगळे. तीन दिवसांनी मी कणीक मळता मळता, त्यांच्याकडे न बघता म्हटलं, "कुठी नका जाऊ." त्या माझ्याच बोलीत हो म्हणाल्या, "हाव." आणि तो विषय संपला.

शेवटी त्यांच्या छातीत कफ झाला आणि दवाखान्यात ठेवलं. खाटेसमोर खिडकी होती, पण तिच्यातून समोरची भिंतच दिसायची. मी मऊ भात घेऊन जायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "आज काय?" मला वाटलं भाजी विचारतात. त्यांना गल्ली हवी होती. एक गोष्ट, त्यांच्या नियमाने, एकच. मग मी रोज सकाळी येताना गल्लीत थांबायचे, बघायचे, आणि काय सांगायचं ते ठरवायचे. एवढं बोलणं मी आयुष्यात केलं नव्हतं. शेवटच्या भेटीत सांगितलं की लिमयेवहिनी माहेरी गेल्या आहेत, आणि आज सकाळी खुद्द लिमयेसाहेब गॅलरीत आले, उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, आणि हळूच दोरी सोडली. पारूबाईने मुद्दाम गल्लीभर ऐकू जाईल असं विचारलं, "सायेब, कोथिंबीर पन देऊ का?" कियोकोबाई इतक्या हसल्या की त्यांना ढास लागली आणि नर्सने मला बाहेर काढलं. दारातून मी वळून पाहिलं तर त्या अजून हसत होत्या, नळी लावलेल्या हाताने दोरी ओढल्यासारखं करत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोळ्या करत होते.

हारुका आली ती दोन बॅगा घेऊन. चौदाव्या दिवशी घर आवरायला घेतलं. प्राजक्ता तिला सगळं समजावून सांगत होती. लिमयेसाहेब कमिटीच्या दोघांना घेऊन आले आणि जेवणाच्या टेबलावर डबे उघडून पानं निवडायला बसले. दोन ढीग झाले. एक छोटा, त्यात गुढी, रांगोळी, आकाशकंदील. एक मोठा, त्यात बाकी सगळी गल्ली. छोट्या ढिगात पुरेसं काही मिळेना म्हणून ते वैतागले होते. एक पान त्यांनी उचलून सगळ्यांना दाखवलं. जिने झाडणारी कांताबाई गेटशेजारच्या पायरीवर बसून डब्यातली भाकरी खाते आहे. "हे छापलं तर लोक काय म्हणतील? आपण हिला जेवायला जागा देत नाही?"

प्राजक्ता म्हणाली, "पण काका, नाहीच ना देत?"

पान मोठ्या ढिगात गेलं. मी ओट्याशी होते. हात कोरडे केले, टेबलाशी गेले, दोन्ही ढीग एकत्र केले आणि डब्यांत भरायला लागले.

"सुमन, हे काय चाललंय? कुणाला विचारून?"

मी म्हटलं, "तुमी कोनाले इचारलं?"

एकोणीस वर्षांत लिमयेसाहेबांशी मी बोललेलं ते पहिलं पूर्ण वाक्य. माझे हात भरतच होते. हारुकाने प्राजक्ताला विचारलं, ही काय म्हणाली. प्राजक्ताने सांगितलं. हारुका उठली आणि माझ्यासमोर कमरेत वाकली, खूप खाली, आणि बराच वेळ वर आली नाही. मग तिने प्राजक्ताकरवी विचारलं, माझ्या मावशीने या चित्रांचं काय करायचं ते सांगितलं होतं का? मला खोटं सांगता आलं असतं. मी म्हटलं, नाही, काहीच नाही. ती म्हणाली, मग तुम्ही ठरवा. साहेब म्हणाले, "ठीक आहे, वारस त्या आहेत," आणि गेले.

मला ठरवायला फार वेळ लागला नाही. संक्रांत जवळ आली होती. संक्रांतीला बायका वाण लुटतात. वाण कपाटात जपून ठेवायला नसतं, ते लुटायचंच असतं. आता मी विधवा. हळदीकुंकू मी कधी केलं नाही. ज्यांच्या घरी पोळ्या करते, तिथे त्या दिवशी गुळाच्या पोळ्या लाटून द्यायच्या आणि बायका यायच्या आत मागच्या दाराने निघायचं, ही माझी संक्रांत. हारुका जाताना मला डबे आणि घराची किल्ली देऊन गेली, जानेवारीअखेरपर्यंत भाडं भरलेलं होतं. त्या रिकाम्या घरात आम्ही तिघी, मी, पारूबाई आणि सुटीच्या दिवशी प्राजक्ता, पानं पसरून बसायचो. ज्याचं चित्र त्याचं नाव तारखेच्या बाजूला लिहायचं. चेहरा मला ओळखू आला नाही तर चालण्यावरून पारूबाई ओळखायची. गेलेल्या माणसांची पानं त्यांच्या घरी द्यायची म्हणून बाजूला ठेवली. बूथवाला आता वाघोलीला दुकान करतो, त्याचं पान माझ्या मुलीकडे धाडलं, ती तिथेच असते.

प्राजक्ता म्हणाली, "मावशी, तुम्ही स्वतः हळदीकुंकू करणार... म्हणजे मला प्रॉब्लेम नाहीये, पण लोक?"

मी म्हटलं, "ज्यांना नको त्यांनी पलीकडून जावं. गल्ली रुंद आहे."

संक्रांतीला दुपारी गेटबाहेर, कुंपणाच्या भिंतीशी मी चटई टाकली. तिळगुळाचा डबा, हळदकुंकवाचा करंडा आणि पानं. आधी कांताबाई आली. मी तिला हळदकुंकू लावलं आणि भाकरी खातानाचं पान दिलं. तिने ते पदराने पुसलं, जसं काही त्याला धूळ लागली होती. "माझी खायची ढब अशी आहे?" म्हणाली. मग कचऱ्याच्या गाडीवरची, मग इस्त्रीवाल्याची बायको, मग त्या कानात वायरवाल्या पोरी, त्यांनी चित्रातल्या कुत्र्यासाठी वेगळा तिळगूळ मागितला. पोस्टमन आला, ड्रायव्हर आला, त्यांना तिळगूळ आणि पान. पारूबाई माझ्या बाजूला बसून सगळ्यांना दटावत होती, "भांडू नका, दुसऱ्याचं त्वांड आपलं म्हनून नेऊ नका!"

उन्हं उतरताना लिमयेवहिनी आल्या, काठापदराची साडी नेसून. त्यांचं पान मी त्यांच्या हातात दिलं. गॅलरीत नुकत्या धुतलेल्या केसांना पंचा लावून, डोळे मिटून, चेहरा उन्हाकडे केलेल्या वहिनी. अशा त्यांना मीसुद्धा त्या एका सकाळीच पाहिलं होतं. त्यांनी पान उलटून तारीख वाचली, पुन्हा चित्र पाहिलं. "मी अशी दिसत होते?" एवढंच म्हणाल्या. मग त्या माझ्यासमोर वाकल्या आणि त्यांनी कपाळ पुढे केलं. पारूबाई पुटपुटली, "लाव की गं, कुनाला भ्यायचं हाय?" मी लावलं. नंतर रीत म्हणून वहिनींनी करंडा हातात घेतला, माझ्या कपाळाकडे पाहिलं, थांबल्या, आणि करंडा खाली ठेवला. मीही कपाळ पुढे केलं नाही. मला कुंकू नको होतं. लावायचा हक्क हवा होता, तो घेऊन झाला होता.

ज्याची त्याची पानं गठ्ठ्यांनी गेली आणि अंधार पडायच्या आत डबे रिकामे झाले. प्राजक्ताने शेवटचा डबा उपडा करून झटकला. "मावशी, तुमचं पान कुठंय?"

"नाही."

"म्हणजे? एकोणीस वर्षांत एकही नाही?" तिचे डोळे भरून आले. "असं कसं करू शकतात बाई?"

महिनाभर मीही रोज शोधत होते, ते तिला सांगितलं नाही. पहिल्या डब्यापासून शेवटच्या डब्यापर्यंत. पोस्टमनची तीस पानं, कुत्र्याची तर किती, आणि माझं एक नाही. लागलं मनाला. खोटं कशाला बोलू.

महिनाअखेरीला किल्ली मालकांना द्यायची म्हणून सकाळीच वर गेले. घर रिकामं. खिडकीशी त्यांची खुर्ची आणि तिला चिकटून माझं लाकडी स्टूल, एवढंच राहिलं होतं. सात वाजले होते. सवयीने स्टुलावर बसले. लसूण सोलायला, शेंगा मोडायला मी रोज तिथेच बसायची, त्या पान फाडायच्या, पेन्सिल धरायच्या, आणि काढायच्या आधी माझ्याकडे बघायच्या. मी बोलायची नाही. हनुवटीने दाखवायची. तो बघा, बांबूवाला. ती बघा, कांताबाई. त्यांनी गल्ली माझ्या हनुवटीने काढली. मी त्या चित्रांत कशी असेन? ज्यांच्याकडे बघायचं ती माणसं खाली होती. आम्ही दोघी वर बसून बघत होतो. ही दोघींची चित्रं होती, हे लिमयेसाहेबांना कुणीतरी सांगायला हवं, म्हणून लिहून ठेवते.

खुर्ची मालकांसाठी सोडली. स्टूल माझं होतं, ते उचललं, दार ओढलं. मजल्यामजल्यावर लिफ्टच्या दाराशी पाटी आहे, 'घरकामाच्या बायकांनी लिफ्ट वापरू नये'. बाजारातून आम्ही दोघी येत असलो तर कियोकोबाई त्या पाटीसमोरून काही न बोलता जिन्याकडे वळायच्या, गुडघे धरून तीन मजले चढायच्या. मी विनवायचे, तुम्ही जा की लिफ्टने. त्या जायच्या नाहीत. त्यांना जमलं ते त्यांनी केलं. मला वेगळं करायचं होतं. मी बटण दाबलं.

लिफ्ट वरून आली. आत लिमयेसाहेब होते, गच्चीतली टाकी बघून आलेले, हातात बॅटरी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, स्टुलाकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं. मग ते सरकले. सरकले नसते तरी मी आत गेले असते.